विचारा, सांगतो : नासरेथचं खळं, आपलं खळं

मागच्या अंकात 'नाझरेथ व्हिलेज'वर एक छोटी चौकट होती. इस्राएलच्या उत्तर भागात, नासरेथ शहरातल्या एका उतारावर पहिल्या शतकातलं, म्हणजे येशूच्या काळातलं गालीलचं खेडं पुन्हा उभं केलं आहे. दगडी घरं, खळं, तेलाचा घाणा, द्राक्षकुंड, सभास्थान आणि त्या काळच्या पेहरावात कातणारी, विणणारी, मेंढरं राखणारी माणसं. २००० सालापासून ते लोकांना खुलं आहे. त्या चौकटीवर जालन्यापासून उदगीरपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या मंडळीतले २२ जण पवित्र भूमीच्या सहलीला निघालेत. टूरवाल्यानं नासरेथ रविवारी ठेवलंय, तेही अर्धा दिवस. तेवढ्यात हे गाव बघून होईल का? (जालना)

रविवारी होणारच नाही, त्या दिवशी ते बंद असतं. टूरवाल्याला आजच कळवा आणि दिवस बदलून घ्या. सोमवार ते शनिवार यातला कोणताही चालेल, वेळ मात्र सकाळची मागा. उन्हाळ्यात दुपारी त्या उतारावर सावली कमी.

आत आपल्या मनानं हिंडता येत नाही. गाइडबरोबर गटानं फिरायचं असतं आणि त्याला एक ते दीड तास लागतो. २२ जण म्हणजे नोंदणी आधीच हवी. त्या काळच्या पद्धतीचं जेवणही मिळतं, पण ते वेगळं सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी पंगत बसेल असं धरू नका. फेरी आणि जेवण मिळून तीन तास धरा. मग मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला त्या जागेवरच्या बासिलिकेला, म्हणजे मोठ्या चर्चला (आजची इमारत १९६९ची) तासभर. एवढ्यात अर्धा दिवस नीट बसतो. बासिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

मराठी गाइडची अपेक्षा ठेवू नका. इंग्रजी समजणारा एक जण गटात पुढे ठेवा आणि बाकीच्यांना निघण्याआधी चार उतारे वाचून यायला सांगा : मार्क २ (छतातून खाली सोडलेला पक्षघाती), मत्तय १३ (पेरणारा), लूक ४ (नासरेथचं सभास्थान), यशया ५ (द्राक्षमळा). गाइड याच्याच अवतीभवती बोलतो. आधी वाचलेलं असलं की अर्धं इंग्रजी आपोआप कळतं.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाबद्दलची ताजी सूचना बघा, आणि सुरक्षेच्या कारणानं सहल रद्द झाली तर किती रक्कम परत मिळणार ते टूरवाल्याकडून लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही.

आम्ही शेतकरी माणसं. खळं, जातं, घाणा, गोफण सगळं घरचंच. तेच बघायला एवढा खर्च करून जायचं? (परभणी)

पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. मराठवाड्यातल्या माणसाला तिथलं निम्मं आधीच ठाऊक असतं. द्राक्षमळ्यातला टेहळणीचा बुरूज म्हणजे ज्वारीतला माळा, फक्त दगडी. गोफण तर जशीच्या तशी. पण फसगतही इथेच होते. ओळखीचं वाटलं की माणूस पुढे सरकतो, आणि नेमका फरक बघायचा राहतो.

पावसाचंच घ्या. मराठी पवित्र शास्त्रात 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' पाऊस येतो. आपल्या डोळ्यांपुढे आगोट म्हणजे जून आणि वळीव म्हणजे एप्रिल-मेची गारपीट, आंब्याचं नुकसान. गालीलात सगळं उलटं आहे. जून ते सप्टेंबर तिकडे आभाळ कोरडं ठणठणीत. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. त्यानं भेगाळलेली जमीन मऊ होते आणि मग नांगरट-पेरणी. तो आगोटीचा. पावसाळा हिवाळ्यातच, आणि शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरायच्या वेळी. तो वळवाचा. आपल्याकडे आधी वळीव आणि मग आगोट, तिकडे आधी आगोट आणि शेवटी वळीव. भाषांतर करणाऱ्यांनी जवळचे शब्द घेतले, त्यात गैर काही नाही. पण ते शब्द आपल्या पंचांगात बसवले की सगळी शेतीच उलटी दिसते.

म्हणून कोणत्या महिन्यात जाता त्यावर काय दिसेल ते ठरतं. जव एप्रिलमध्ये निघतो, गहू मे-जूनमध्ये, द्राक्षं जुलै ते सप्टेंबर, ऑलिव्ह ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चमध्ये डोंगर हिरवेगार असतात. ऑगस्टमध्ये तेच डोंगर आपल्या मे महिन्यासारखे.

आता खळं. आपण जमीन चोपून, पाणी मारून, शेणानं सारवून खळं करतो, मधोमध तिवडा रोवतो आणि बैलांची पात फिरवतो. तिथे उघड्या खडकाची सपाट, वाऱ्याची जागा निवडलेली असते. सारवायची गरजच नसते. मळणी जनावरांच्या खुरांनीही व्हायची (मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये हा नियम बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात २५:४ मध्ये आहे, तो आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही), पण त्याबरोबर एक लाकडी फळीही असे. पुढचं टोक वर वळलेलं, खालच्या अंगाला खाचा पाडून त्यात गारगोटीचे किंवा काळ्या दगडाचे धारदार तुकडे घट्ट ठोकलेले. बैल किंवा गाढवं ती ओढतात आणि हाकणारा वजनासाठी वर उभा राहतो. दाणा सुटतोच, शिवाय काडाचे बारीक तुकडे होऊन जनावरांचा भुसाही तयार होतो. फळी पालथी करून ठेवलेली दिसली तर वाकून बघा. तुकडे एका रेघेत नसतात. एकाआड एक बसवलेले असतात, म्हणजे एका रांगेतून सुटलेलं काड दुसरीत सापडतं.

उफणणीतला फरक तर फार बोलका आहे. आपण वावडीवर (उंच तिपायीवर) चढतो, पाटीतून धान्य वरून सोडतो आणि वारा भुसा नेतो. म्हणजे धान्य वरून खाली. तिथे माणूस जमिनीवरच उभा असतो आणि लाकडी दाताळ्यानं मळलेली रास वर उडवतो. म्हणजे खालून वर. जड दाणा पायाशी पडतो, काड थोडं पुढे, भुसा लांब. रास जरा स्वच्छ झाली की दाताळं ठेवून लाकडी फावडं घेतात, कारण दाताळ्याच्या फटीतून दाणे निसटतात. हे काम दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की करायचं. वारा फार जोराचा असेल तर दाणाही जातो, आणि पडला तर दिवस फुकट. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात मराठीत 'सूप' आलं आहे. मूळ ग्रीक शब्द या उडवायच्या अवजाराचा. सूप म्हटलं की आपल्याला अंगणात बसून पाखडणारी बाई दिसते. तिथे उभा आहे तो घामानं भिजलेला गडी.

जात्याचंही तसंच. घरातलं हाताचं जातं आपल्यासारखंच, दोन तळ्यांचं. पण मत्तय १८:६ मध्ये गळ्यात बांधायची म्हटलेली तळी ही त्या जात्याची नव्हे. मुळात तिथे गाढवानं फिरवायच्या मोठ्या जात्याचा उल्लेख आहे.

आमचा लाकडी घाणा आहे, करडई आणि शेंगदाणा काढतो. ऑलिव्हचा घाणा आपल्या घाण्यासारखाच चालतो का? (लातूर)

नाही. आपल्या घाण्यात उखळात लाट, म्हणजे जाड लाकडी मुसळ, फिरते आणि भरडणं-पिळणं एकाच वेळी होतं. शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल, करडईत ३०च्या आसपास, आणि पाणी अगदी थोडं, म्हणून हे जमतं. उलट पेंड नीट बसावी म्हणून तुम्हीच पाण्याचा हबका देता. ऑलिव्ह हे ओलं फळ आहे. त्यात तेल साधारण १५ ते २५ टक्के आणि पाणी जवळजवळ निम्मं. ते आपल्या उखळात टाकलं तर नुसता लगदा घुसळत राहील आणि तेल-पाणी एकजीव होऊन बसेल.

म्हणून तिकडे काम दोन टप्प्यांत. पहिला टप्पा भरडण्याचा : मोठं गोल दगडी पात्र, त्यात उभं दगडी चाक, मधल्या खुंटाभोवती गाढव ते फिरवतं. बियांसकट लगदा होतो. दुसरा दाबण्याचा : लगदा दोरीनं विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरायचा आणि टोपल्या दाबायच्या दगडावर एकावर एक रचायच्या. वर लांब लाकडी तुळई. तिचं एक टोक भिंतीतल्या खोबणीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला भोकं पाडलेले वजनी दगड दोरीनं टांगायचे. रस खालच्या खड्ड्यात उतरतो. थोड्या वेळानं तेल वर तरंगतं आणि कडू काळं पाणी खाली राहतं. वरचं तेल अलगद काढायचं.

वजन एकदम चढवलं तर काय होतं हे गाइडला मुद्दाम विचारा. टोपल्यांच्या बाजूनं लगदाच बाहेर येतो, चळत एका अंगाला सरकते आणि तेलात गाळ उतरतो. म्हणून एक दगड, थोडी वाट, मग दुसरा. वजन चढवण्याआधी टोपल्यांतून आपोआप झिरपतं ते सगळ्यात उंची. शेवटच्या दाबाचं दिव्याला आणि साबणाला. फळ तोडून ढीग जास्त दिवस ठेवला तर तो आतून तापतो, आंबतो आणि तेलाला वास येतो. हे तुम्हाला भिजक्या शेंगेवरून माहीतच असेल. चोथा जळणाला जातो.

गेथशेमाने या नावाचा अर्थच 'तेलाचा घाणा' असा आहे.

रविवार शाळेतर्फे नाताळात पहिल्या शतकातलं घर उभारायचं आहे. मुलांना आत जाता यावं. माती फुकट मिळेल. कसं करावं? (अंबाजोगाई)

मराठवाड्याला हे सगळ्यांत सोपं, कारण आपलं माळवद त्याच जातीचं. गालीलातलं घरही दगडाच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फांद्या-बोरू, वर माती आणि गिलावा असं. पावसाळ्याआधी छतावर दगडी रूळ फिरवून भेगा बंद करायच्या. मार्क २:४ मध्ये छत उकरलं असं आहे, ते अशा मातीच्या छताला लागू पडतं. लूकनं तिथे कौलं लिहिली, पण गालीलच्या खेड्यात कौलं नसत. दगडाचंही सांगून ठेवतो. नासरेथचा दगड पांढरट आणि मऊ, चुनखडीचा. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमची घरं मात्र काळ्या पाषाणाची, आपल्या पाटोदा-केजच्या जुन्या वाड्यांच्या रंगाची. तुम्हाला काळा दगड दाखवायचा असेल तर पाटीवर 'कफर्णहूम' लिहा, 'नासरेथ' नको.

पण खरं दगड-मातीचं घर बांधू नका. १९९३च्या किल्लारी भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती आणि वरचं फूट-दोन फूट मातीचं माळवद अंगावर येऊन. आठ दिवसांच्या देखाव्यासाठी ती जोखीम कशाला?

बांबूचा सांगाडा करा. उभे बांबू दर दोन फुटांवर, जमिनीत दीड फूट गाडलेले. त्याला बांबूचे तट्टे दोन्ही बाजूंनी तारेनं बांधा आणि वरून मातीचा गिलावा. १०० चौरस फुटांना एक इंच थर द्यायचा तर २५ घमेली सैल माती, ६ घमेली गव्हाचा बारीक भुसा, ३ घमेली ताजं शेण. एवढा गिलावा वाळल्यावरही साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो, म्हणून बांबू दोन फुटांपेक्षा लांब लावले तर तट्टा पोटात फुगतो.

माती कोणती हा खरा प्रश्न. शेतातली काळी माती फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आखडते आणि दोन दिवसांत भिंतीवर बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. गावाच्या पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) माती किंवा मुरमाड तांबूस माती घ्या. खात्री करायची तर लाडवाएवढा ओला गोळा वळून दोन दिवस सावलीत ठेवा. तडकला तर वाळू मिसळा. बोटानं चुरला गेला तर चिकण कमी पडते आहे.

माती, भुसा, पाणी एकत्र करून तीन दिवस कुजू द्या, रोज पायानं तुडवा. शेण शेवटच्या दिवशी. पहिला थर जाडाभरडा, हातानं थापलेला, त्यावर बोटांनी रेघा ओढा म्हणजे दुसरा थर धरेल. चार-पाच दिवस वाळू द्या. पहिल्या दिवशी ऊन लागत असेल तर ओलं पोतं टांगा, कारण डिसेंबरची हवा कोरडी असते आणि वरचा पापुद्रा आधी वाळून सुटतो. दुसरा थर चाळलेल्या मातीचा, पातळ. म्हणजे २४ तारखेला तयार हवं तर ८ तारखेच्या आत माती भिजत घाला. बहुतेक ठिकाणी हे काम २० तारखेला सुरू होतं आणि नाताळच्या सकाळी भिंत ओली असते.

छतावर उसाचं पाचट आणि अर्धा इंच माती, बस. वर कोणालाही चढू देऊ नका. बाहेरून जिना दाखवा, छताला कठडा जरूर करा. अनुवाद २२:८ मध्ये तसा नियमच आहे, कोणी पडू नये म्हणून. छतावर एका कोपऱ्यात काहीतरी वाळत घाला. बायबलमधल्या यरीहोच्या राहाबेच्या छतावर जवसाच्या झाडाची ताटं पसरलेली होती, आपल्या माळवदावर कुरडया असतात तशी. आत एकच अंधारी खोली, भिंतीत कोनाडे, खिडकी लहान आणि उंचावर. आत जळता दिवा ठेवू नका, पाचट पेटायला वेळ लागत नाही.

आणि योसेफाच्या हातात नुसता रंधा देऊ नका. सुतार म्हणून आपण वाचतो तो ग्रीक शब्द बांधकाम करणाऱ्यालाही लागतो, दगडाचं काम त्यात आलंच.

तिथलं किती खरं, किती नवं? की सगळंच नाटक? (छत्रपती संभाजीनगर)

इमारती नव्या, जमीन जुनी. त्या उतारावर खडकात कोरलेलं द्राक्षकुंड आणि शेतीचे जुने बांध सापडले, आणि त्यांच्याभोवती गाव उभारलं. द्राक्षकुंड हा अस्सल भाग, तिथे थांबा. वर पायांनी तुडवायची सपाट जागा, खाली रस उतरायचा खड्डा. उतार इतका बेताचा की रस वाहून जातो आणि साली मागे राहतात. सभास्थान मात्र गामला, मसादा अशा ठिकाणी सापडलेल्या जुन्या सभास्थानांच्या धर्तीवर बांधलेलं आहे. भिंतींच्या कडेनं बाक, मध्ये मोकळी जागा. नासरेथमधलं पहिल्या शतकातलं सभास्थान उत्खननात मिळालेलं नाही, तेव्हा 'याच खोलीत' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. त्या काळचं एक घर मात्र बासिलिकेजवळ सापडलं. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्यानं ते २००९ मध्ये जाहीर केलं.

तिथले कपडे घातलेले लोक नाटकवाले वाटले तरी लोकर कातणारी बाई खरंच कातत असते. चाती थांबवून दाखवा म्हटलं तर दाखवते. तेवढा वेळ मागा.

निव्वळ पुरातत्त्व हवं असेल तर गोलानमधलं कात्सरीन बघा. काळ जरा नंतरचा, पण घरं मुळच्या पायावर पुन्हा उभी केली आहेत आणि दगड आपल्याच रंगाचा. युरोपात नातेवाईक असतील तर नेदरलंड्समध्ये नायमेगनजवळचं ओरिएन्टालिस हे असंच खुलं संग्रहालय, मूळ स्थापना १९११ची; ते सुरू आहे का हे मात्र आधी विचारून घ्या.

महिला मंडळात २५ जणींसाठी 'त्या काळचं जेवण' करायचं आहे. साहित्य आणि प्रमाण द्या. (बीड)

आधी काय नको ते. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, शेंगदाणा हे सगळं अमेरिकेतून आलं, येशूनंतर पंधरा शतकांनी. भातही नको, तो तिकडे रोजचा नव्हता. ज्वारीची भाकरी आपल्याला सोयीची, पण तिथलं रोजचं धान्य गहू आणि जव. मिरची नाही म्हटल्यावर निम्म्या जणी नाराज होतील, हे धरून चाला.

मसुरीचं कालवण : अख्खी मसूर २ किलो, तासभर भिजवलेली. कांदे १ किलो, लसूण १०० ग्रॅम, जिरे ३ चमचे, धनेपूड ४ चमचे, ऑलिव्ह तेल पाव लिटर, मीठ. कांदा तेलात मंद आचेवर सोनेरी करा, मसूर आणि चौपट पाणी घालून उघड्या पातेल्यात पाऊण तास. कुकर लावला तर लगदा होतो आणि रंग जातो. एसावानं जन्महक्क विकला तो याच तांबड्या कालवणावर.

भाकरी : गव्हाचं पीठ २ किलो, जवाचं १ किलो, आदल्या रात्री आंबवलेली वाटीभर कणीक, मीठ, साधारण पावणेदोन ते दोन लिटर पाणी. बीडच्या डिसेंबरात आंबायला १० ते १२ तास. पन्नास गोळे होतात. जवाच्या पिठाला चिकटपणा कमी, लाटायला गेलात तर कडा फाटतात. हातानं थापा, ते तुम्हाला शिकवायला नको. तव्यावर टाकून कडेला निखाऱ्यावर फुगवा. तिकडे मातीची घुमटासारखी भट्टी असते. बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर', जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल, म्हणजे 'देवाचं घर', त्याच घराण्यातलं नाव.

बरोबर दही, ऑलिव्ह, खजूर, सुकं अंजीर, मनुका, डाळिंब. आंबटपणाला लिंबाऐवजी डाळिंबाचा रस. मासा चालेल, खारवलेला सुद्धा. मटण सणाचं, रोजचं नव्हे. काना गावच्या लग्नातले रांजण मांडणार असाल तर ते मातीचे नकोत. योहान २:६ मध्ये ते स्पष्ट दगडी आहेत, सहा, प्रत्येकात ८० ते १२० लिटर मावणारे. दगडी भांडं विटाळत नाही अशी समजूत होती, म्हणून त्याला मागणी. नासरेथजवळ रैना इथे अशा दगडी भांड्यांचा जुना कारखानाच उत्खननात सापडला आहे.

नाटकासाठी कपडे? (हिंगोली)

नाइट गाउन आणि डोक्याला टॉवेल, एवढं टाळलं तरी खूप. साधा बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्याखाली पोचणारा, कमरेला पट्टा. वर धनगरी घोंगडी. ती बिनरंगाची लोकर तिथल्या पांघरुणाला फार जवळची. लोकर आणि जवसाच्या झाडाचं सूत एकाच कापडात मिसळायला मनाई होती. जांभळा रंग श्रीमंतांचा, मेंढपाळाला देऊ नका.

आईचे गुडघे दुखतात, तिला नेऊ का? (नांदेड)

वाट चढ-उताराची आणि खडीची आहे. काठी, घट्ट बुटं आणि नोंदणी करतानाच कळवणं. पायऱ्या टाळता येतील का ते तेव्हाच विचारा.

येताना काय आणावं? तिथला मातीचा दिवा आणला तर तो पेटतो का? (उदगीर)

ऑलिव्ह तेल आणा, पण चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली जात नाही. तिथली माती, रोपं, बियाणं आणू नका. भारतात पीक-रोगांच्या नियमात अडकतं.

दिवा पेटतो. आपली पणती उघडी, हा वरून झाकलेला : मध्ये तेल ओतायचं भोक, पुढे वातीचं तोंड. त्यामुळे तेल सांडत नाही आणि वाऱ्यानं लवकर विझत नाही. मात्र आत तेल थोडंच मावतं, म्हणून मत्तय २५ मधल्या शहाण्या कुमारींनी वेगळ्या भांड्यात तेल घेतलं होतं. वात तोंडातून आत सरकवून तिचं टोक तेलापर्यंत पोचलं पाहिजे; नवशिके लोक वात आखूड ठेवतात आणि दिवा पाच मिनिटांत काजळी धरून विझतो. बाहेर जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी ठेवा, जास्त असली तर धूर. पहिल्यांदा वापरण्याआधी दिवाळीच्या पणत्यांसारखा रात्रभर पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा, म्हणजे माती तेल कमी पिते. तरीही तळ झिरपतोच. खाली बशी ठेवा.